म्हशीची बाजू, गाईची बाजू

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझी बोटं कायम काळी असायची. चांदीपासून केलेलं एक रसायन असतं, सिल्व्हर नायट्रेट. ते हाताला लागलं तर त्या वेळी काहीच कळत नाही. उन्हात आलं की डाग उमटतात, आणि मग साबण लावा, रॉकेल लावा, लिंबू चोळा, नवी कातडी येईपर्यंत ते हलत नाहीत. रंकाळ्यावरचा भेळवाला माझे हात बघून पुठ्ठ्याचा चमचा आठवणीने पुढे करायचा. आई म्हणायची, पोरगी कोल्हापूरला शिकायला ठेवलीय की कोळशाच्या वखारीत? मी मात्र त्या बोटांवर बेहद्द खूश होते. एस.टी.त दांडीला धरून उभी राहिले की ती सगळ्यांना दिसतील अशीच धरायची.

खूश असायचं कारण असं, की मी जंतू मारत होते. तेव्हा बोटाने दाबायचे पडदे नुकते कुठे कुठे दिसायला लागले होते. बँकेच्या पैसे काढायच्या यंत्रावर एखादा, मोठ्या स्टेशनात चौकशीसाठी एखादा. आमच्या सरांच्या डोक्यात आलं की गावभरची बोटं एकाच जागी पडणार म्हणजे गावभरचे जंतूही तिथेच जमणार. तर त्या पडद्यावर पातळ लेप द्यायचा. पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकच्याच गोतातला, आणि त्यात चांदीचे कण इतके बारीक विखुरायचे की कण दिसू नयेत, नुसता कोऱ्या फिकट चहासारखा रंग दिसावा. ती चांदी जंतूंना जगू देत नाही.

सरांकडे संशोधनाची एकच जागा शिल्लक होती आणि उमेदवार आम्ही दोघं. दुसरा मुलगा लोखंडाच्या गंजावर काम करायचा, आणि गंज काय, कोल्हापूरच्या पावसात न मागता मिळतो. माझ्यापुढे सरांनी अट ठेवली. प्रयोगशाळेतल्या काचेवर कुणाचाही लेप जंतू मारतो, म्हणाले. खरी माणसं रोज हात लावतात अशा पडद्यावर करून दाखव. अर्ध्या भागावर लेप, अर्ध्यावर नाही. दोन्हीतला फरक मला दिसला तर पीएच.डी.ची जागा तुझी.

पडदा आणायचा कुठून? बँकेच्या मॅनेजरने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि शिपायाला बोलावलं. मग मला आमच्या गावची डेअरी आठवली.

आमचं गाव हातकणंगल्याच्या बाजूचं. गावच्या दूध संस्थेत नुकतंच नवं यंत्र आलं होतं. दूध ओतलं की आतला सेन्सर फॅट मोजायचा आणि चिठ्ठी बाहेर यायची. पण त्याआधी दूध म्हशीचं की गाईचं हे यंत्राला सांगावं लागे. पूर्वी हे सेक्रेटरी लिहायचा आणि त्यावरून रोज भांडणं व्हायची, म्हणून आता ज्याने त्याने स्वतःच्या बोटाने पडदा दाबायचा असा ठराव झाला होता. डावीकडे म्हशीचं चित्र, उजवीकडे गाईचं. माणसं गोठ्यातून थेट यायची. बोटाला दूध, पेंड, शेण, जे असेल ते. संध्याकाळपर्यंत पडद्याला आंबूस वास सुटायचा, मुंग्या लागायच्या, आणि सेक्रेटरी ज्या टॉवेलने तोंड पुसायचा त्याच टॉवेलने तो पडदाही पुसायचा. माझ्यासारखीला तर हे घबाडच होतं.

चेअरमनना विचारायचं काम आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंगावर घेतलं. आमची वस्ती गावाच्या टोकाला, पंचशील झेंड्याच्या पलीकडे. वस्तीतून डेअरीला दूध घालणारे आबा पहिले. त्यांच्या आजोबांच्या काळात आमच्या हातचं दूध गावात कुणी घेतलं नसतं. विहिरीवर कुणी वरून पाणी ओतलं तर खाली ओंजळ धरायची, असा तो काळ. आबा हे सगळं चिडून नाही, हसत सांगायचे, दुसऱ्याच कुठल्या देशातली गंमत सांगावी तसे. दोन म्हशींचं दूध घेऊन ते रांगेत इतरांपेक्षा जरा जास्तच ताठ उभे राहायचे, एवढंच.

चेअरमननी परवानगी दिली. आबांनी त्याच संध्याकाळी मला डॉक्टरीणबाई म्हणायला सुरुवात केली. अजून जागा नाही, प्रयोग नाही, काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन बायका गुडघेदुखी घेऊन दारात. मी त्यांना सांगितलं की मी त्यातली डॉक्टर होणार नाही. त्या म्हणाल्या, मग कशातली, आणि मला नीट सांगता येईना.

पहिला लेप फजितीचा झाला. मी वापरलेलं पॉलिमर पाण्यात विरघळणारं होतं. ओल्या बोटांनी गावाने ते एका सकाळीत सोलून काढलं. सेक्रेटरीला वाटलं यंत्रावर दुधाची साय धरतेय, आणि त्याने ती गुपचूप काढून मांजराला घातली. मांजराला काही झालं नाही, पण पुढचे चार दिवस माझा जीव त्या मांजरात अडकला होता. लहानपणी शेरडीच्या मागे फिरलेली मी, आता मांजराच्या मागे फिरत होते.

मग मी लेपात लिंबूसत्त्व घातलं. ते घालून तापवलं की पॉलिमरचे धागे एकमेकांना धरून बसतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. पडदा काही भट्टीत घालता येत नव्हता, म्हणून प्रोजेक्टरवर लावायच्या पारदर्शक पट्टीवर लेप दिला, ती पट्टी तापवली आणि यंत्राच्या डाव्या अर्ध्या पडद्यावर चिकटवली. उजवीकडे तशीच पट्टी, पण लेपाविना. बोट दाबलं की म्हैस उमटत होती, गाय उमटत होती. मी तिथेच उडी मारली. डोक्यावरचा पदर सावरत एक मावशी म्हणाली, ह्या पोरीला लग्नाची बातमी लागली काय?

शेजारीच चांदीच्या दागिन्यांचं हुपरी असल्याने आमच्या भागात चांदीवर प्रत्येकाचं मत असतं. एकाने येऊन डावी पट्टी नखाने खरवडून चांदी खरी आहे का ते पाहिलं आणि मान हलवून निघून गेला. पण आबांनी रांगेपुढे उभं राहून भाषण केलं, तिथे घोटाळा झाला. प्रामाणिक माणूस, जे मी सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं. डावीकडे माझ्या पोरीने जंतू मारलेत, उजवीकडचे जिवंत आहेत. एवढं सांगून मी आणि ते दोघंही समाधानाने घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला परतले.

आठवड्याने आले तेव्हा डेअरीत रणकंदन चाललं होतं. गावातल्या निम्म्या लोकांचं दूध यंत्र परत करत होतं. फॅट कमी, दूध परत, अशी चिठ्ठी. म्हणजे सरळच, दुधात पाणी घातल्याचा आळ. कंपनीचा माणूस येऊन यंत्र तपासून गेला होता, यंत्र उत्तम होतं. भावकीत अबोला धरला गेला होता. सगळ्यांत पुढे जर्सी गाईवाली आत्ती दुधाची कासंडी कमरेवर घेऊन उभी होती, आणि तिच्या तोंडाला लागायची चेअरमनचीही छाती नव्हती.

"माझ्या दुधात पानी हाय म्हंतंय ह्ये डबडं," ती सेक्रेटरीला सांगत होती. "मग कुठल्या हिरीचं हाय त्येबी सांग म्हणावं की."

मी तिला पुन्हा दूध ओतायला सांगितलं आणि शेजारी उभी राहिले. आत्तीने पदराला बोट पुसलं, पुढे झाली आणि ठामपणे डावीकडची म्हैस दाबली.

मी म्हणाले, आत्ती, तुमची तर गाय आहे. तुम्ही म्हैस दाबलीत.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला शाळेत पुन्हा पहिलीत बसवायला हवं. "मग काय जंतूवर दाबू?"

मी खाली बसले आणि पोट धरून हसले. गावातल्या तमाम गाई आठवडाभर म्हशी झाल्या होत्या. गाईच्या दुधाला म्हशीएवढी फॅट लागणार कुठून, बिचारं यंत्र प्रत्येक वेळी पाणी घातलं म्हणत होतं. स्वच्छ बाजू सोडून घाणेरड्या बाजूला बोट लावायला कुणी तयार नव्हतं, आणि का असावं? ज्यांना दूध घालायचं नव्हतं तेही येऊन डावीकडे तळहात चोळून जात होते. एकाने नखुरडं झालेलं बोट दिवसातून दोनदा तिथे टेकवलं होतं आणि ते बरं झालं होतं. नखुरडं तसंही बरं होतंच, पण हे त्याला सांगायची सोय नव्हती.

हसू ओसरलं तेव्हा मला प्रयोग आठवला. मी पिशवीतून निर्जंतुक कापसाच्या काड्या काढल्या, दोन्ही बाजूंवरून फिरवल्या आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत काचेच्या थाळ्यांत ते जंतू वाढायला ठेवले. या थाळ्यांत जेलीसारखा थर असतो, दिसायला थेट खरवस. जंतू असले तर त्यावर एका दिवसात ठिपके उगवतात. डावीकडची थाळी स्वच्छ निघाली. अख्ख्या गावाने रगडलेली बाजू, आणि दोन-चार ठिपके. मी हुरळून गेले. मग उजवीकडची उघडली. तीही स्वच्छ. तिला कुणी हातच लावला नव्हता तर जंतू येणार कुठून?

सरांनी दोन्ही थाळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या. लेप चांगला असेलही, म्हणाले, पण मी फरक मागितला होता, आणि तुझ्याकडे फरक नाही. गंजवाल्या मुलाचा अहवाल त्यांच्या टेबलावर आलेला दिसत होता. पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही बाजूंना सारखे हात लागलेले दाखव, नाही तर जागा त्याची. मी विद्यापीठाच्या फाटकापर्यंत चालत आले आणि तिथल्या रसवंतीत दोन ग्लास उसाचा रस प्यायले. रडू आलं की मला तहान लागते.

घरी आल्यावर दुसरं संकट तयारच होतं. चेअरमननी निरोप ठेवला होता की दूध परत जाऊन लोकांचं नुकसान होतंय, तेव्हा ती पट्टी काढून घ्या. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही निवडणूक होती आणि गाईवाल्यांची मतं होती. पट्टी गाईच्या बाजूला लावून भागणार नव्हतं, मग म्हशीवाले गाय दाबत सुटले असते. सेक्रेटरीने मला बाजूला घेऊन युक्ती सांगितली की उजवीकडेही औषध लावलंय असं सांगून टाक, कुणाला कळतंय? मला ती पटली. जागा जात असताना माणसाला काहीही पटतं. आबा मात्र ऐकेनात. खरं मी सांगितलंय, म्हणाले, आता खोटंही मीच सांगू होय? लोकांना फसवून कशाला हात लावायला लावायचा. त्यांनी चेअरमनकडून एका सकाळची मुदत मागून घेतली. काय करणार ते मला सांगेनात, फक्त तुझ्या त्या खरवसाच्या दोन कोऱ्या थाळ्या बरोबर आण, एवढंच म्हणाले.

सकाळी रांग दारापासून पिंपळापर्यंत होती. आबा आपल्या दोन म्हशींचं दूध घेऊन पुढे झाले. शेण काढून आलेला हात त्यांनी मुद्दाम धुतला नव्हता. तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि उजवीकडच्या गाईवर पाची बोटं टेकवली. रांगेतून कुणीतरी म्हणालं, अहो, तुमची म्हैस आहे, भाव कमी बसेल.

"बसू दे," आबा म्हणाले. "म्हशीला तेवढं सांगू नगासा."

रांग हसली, पण कुणी हललं नाही. मग आबा वळले. त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"हात लावल्यानं काय हुतंय त्ये आमच्या घराण्याला इचारा. काय सुदिक हुत न्हाय."

 मला वाटलं आता काही बिनसणार. ही गोष्ट आबा आमच्या अंगणात सांगायचे, गावात कधी नाही. जुनी माणसं जमिनीकडे बघायला लागली. तेवढ्यात आत्ती रांग मोडून पुढे आली, काय मेल्यांनो पुतळ्यासारखे उभे राहिलात, असं म्हणाली, आणि तिने गाईवर असं बोट दाबलं की यंत्र हललं. चिठ्ठी आली. फॅट उत्तम. तिने ती चिठ्ठी वरात मिरवावी तशी रांगेतून मिरवली. मग गाईवाले गाईकडे आणि म्हशीवाले म्हशीकडे, सुरळीत.

आपल्याला न सुटलेलं आबांनी सोडवलं म्हणून चेअरमन मात्र जरा हिरमुसले होते. माझ्या पिशवीतल्या थाळ्या पाहून त्यांनी विचारलं की हाताला खरंच इतके जंतू असतात काय. मी हो म्हणाले. माझ्या नाही, ते म्हणाले, मी साबणाने हात धुतो. आबांनी लगेच थाळ्या पुढे केल्या. एकात चेअरमनचं बोट, दुसऱ्यात आबांचं. आबांनीही आता साबणाने धुतलं, म्हणजे सामना बरोबरीचा. झाकणांवर मी पेनाने खुणा केल्या आणि कुणाचे जंतू कमी यावर पैज लागली. अख्खं गाव त्या दोन थाळ्यांकडे कुस्तीच्या जोडीकडे बघावं तसं बघत होतं.

सोमवारच्या आत मी दोन्ही बाजूंवरून पुन्हा काड्या फिरवून आणल्या. थाळ्या सरांसमोरच उघडल्या. डावीकडची आधीसारखीच, दोन-चार ठिपके. उजवीकडची अशी भरली होती की मधली जागा दिसेना, पिवळे, पांढरे, एक गुलाबीसुद्धा. इतकी सुंदर घाण मी जन्मात पाहिली नव्हती.  सरांनी गंजवाल्या मुलाला दुसऱ्या सरांकडे पाठवायचं पत्र लिहायला घेतलं, आणि मला म्हणाले की आता बोटांना हातमोजे घालत जा, अजून चार वर्षं काढायची आहेत. मी प्रयोगशाळेतून निघाले ती फाटकापर्यंत पळतच. रसवंतीत पुन्हा दोन ग्लास. आनंद झाला तरी मला तहान लागते.

पैजेच्या थाळ्या चिकटपट्टीने पक्क्या बंद करून मी गावाला नेल्या. एस.टी.त त्या मांडीवर धरल्या होत्या. शेजारच्या बाईने विचारलं, प्रसाद आहे का? मी घाईने नाही म्हणाले.

डेअरीत चेअरमन आधीच येऊन बसले होते. आबांनी म्हशींचं दूध घातलं होतं, म्हशीच्या बाजूला. मी टेबलावर थाळ्या ठेवल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की निघताना मी झाकणं स्पिरिटने पुसली होती. स्वच्छतेची सवय. पेनाच्या खुणा साफ गेल्या होत्या. कुठली कुणाची, मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगून टाकलं.

सगळे वाकून बघायला लागले. दोन्ही थाळ्यांत मधोमध बोटाचा ठसा उमटला होता, ठिपक्यांचा, पिवळट पांढरा. एक जरा डावीकडे कललेला, एवढाच फरक. आत्ती म्हणाली, दोन्ही सारख्याच की. सेक्रेटरीने थाळ्या फिरवून पाहिल्या, उजेडात नेल्या, वासही घेऊन पाहिला असता, मी हात धरला. चेअरमननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना आपलं बोट ओळखू येईना. आबांना त्यांचं येईना.

आबा हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना दुधाच्या कॅनवर बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी. मी त्यांना तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. एक थाळी त्यांनी हातात घेतली होती आणि ती ते सोडेनात.

"ही थाळी आमच्या आज्ज्याला दावायला पायजे हुती," ते म्हणाले.

 चेअरमन त्या थाळीकडे बघत होते. मग त्यांनी दुसरी उचलली आणि आबांच्या शेजारच्या कॅनवर येऊन बसले.

"माझ्या आज्ज्याला आदी," ते म्हणाले.

मागून रांग ओरडायला लागली की दूध तापतंय. सेक्रेटरी उठला, आणि मी थाळ्या त्या दोघांच्या हातातून सोडवून घेतल्या, कारण जंतू तर त्यात होतेच. पुढचा माणूस कासंडी घेऊन आला, त्याने बोट पुसलं, आणि गाय दाबली.